पाचव्या दिवसाची पट्टी

आमच्या वॉर्डात चोवीस वर्षे नोकरी केलेल्या एक आयाबाई होत्या. कातडी लावलेल्या रुग्णाची पट्टी शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी प्रथम उघडायची असा आमचा परिपाठ असे, आणि त्या दिवसाला त्या ‘पाचवी’ म्हणत. बाळंतिणीच्या घरी ज्या श्रद्धेने पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात आणि सटवाई अर्भकाच्या कपाळी लिहायला येईल म्हणून रात्रभर दिवा मालवू देत नाहीत, त्याच श्रद्धेने त्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्या खाटेखालची फरशी पुसून घेत, धुतलेली चादर अंथरत, कोमट सलाइनची बाटली आणि निर्जंतुक जाळीचा डबा माझ्या हाताशी आणून ठेवत, आणि मी पट्टीचा शेवटचा थर भिजवून अलगद सोडवू लागलो म्हणजे पदराचे टोक तोंडाशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहत. मला आरंभी हा शब्द रुचत नसे. विधिलिखित म्हणजे मनुष्याच्या हातचे नसलेले, आणि पट्टीखाली जे दिसे ते तर बहुतांशी आमच्याच हातचे असे. पुढे शेकडो पट्ट्या उघडल्यावर मला त्या शब्दातील निराळा अर्थ दिसू लागला: पाचव्या दिवशी काही घडत नाही, जे लिहायचे ते मागच्या चार दिवसांत, आणि त्यांच्याही आधीच्या तीन-चार आठवड्यांत लिहून झालेले असते, त्या सकाळी आपण ते फक्त वाचतो.

मांडीवरून तासून घेतलेल्या त्वचेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ही या कामातील मूळ अडचण आहे. हम्बीच्या सुरीने मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश जाडीचा पापुद्रा काढला की त्याचा जुन्या जागेशी संबंध संपतो. जखमेवर पसरल्यावर पहिले दोन दिवस तो खालून झिरपणाऱ्या द्रवावर, म्हणजे निव्वळ ओलाव्यावर तग धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्यातील रिकाम्या केशवाहिन्यांची तोंडे जखमेतल्या केशवाहिन्यांच्या तोंडांशी जुळू लागतात. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्ताची ये-जा रीतसर सुरू होते. या मुदतीत पापुद्रा आणि जखम यांच्यामध्ये रुपयाएवढी रक्ताची गाठ धरली, थोडासा पू साचला, किंवा रुग्णाने झोपेत पाय ओढल्यामुळे पापुद्रा केसभर सरकला, तरी तेवढा तुकडा दगावतो. म्हणून त्याला बारीक छेद द्यायचे, कडेने टाके घालायचे, वर व्हॅसलिनची जाळी आणि कापसाचा जाड थर दाबून बांधायचा, आणि पाय प्लास्टरच्या स्लॅबवर जखडून उंच ठेवायचा, इतका सारा बंदोबस्त. एवढे करून चार दिवस स्वस्थ बसायचे; आणि माझ्या सगळ्या शिक्षणात ही स्वस्थ बसण्याची विद्या मला सर्वांत उशिरा आली.

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण पुरे करून १९९० च्या सुमारास मी वसईत रुजू झालो, तेव्हा हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली ती २००९ साली, आणि पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. प्लास्टिक सर्जन म्हणजे श्रीमंतांची नाके सरळ करणारा, अशी समजूत त्या काळी सार्वत्रिक होती, आणि इथे या माणसाला काम कसले मिळणार, असे माझ्या हितचिंतकांनाही वाटे. वर्षभरातच कळून आले की या तालुक्यात हातापायांच्या जखमा इतक्या तऱ्हांच्या आहेत, की त्या पाहून माणूस गावे ओळखू शकेल. मधून रेल्वे जाते. दाराशी लटकून नालासोपारा-विरार गाठणारा एखादा रोज कुठे ना कुठे पडतो. पूर्वेला महामार्ग आहे, आणि त्याला लागून वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांचे गाळे. तिथल्या पॉवरप्रेसखाली बोटे सापडतात. त्याच्याही पलीकडे भाताणे, मेढे, पारोळ या बाजूला भातशेती आणि वीटभट्ट्या. पावसाळ्यात साप आणि उन्हाळ्यात विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेत पडलेले लहान मुलाचे पाऊल. पश्चिमेला वाड्या, आणि वाड्यांमध्ये वर्षानुवर्षे अनवाणी वावरणारी, साखरेच्या विकाराने तळव्याची संवेदना गेलेली वयस्कर माणसे. किनाऱ्याला अर्नाळा, पाचूबंदर. तिथला मनुष्य पाखटाचा काटा पोटरीत मोडून घेऊन येतो आणि आठवडाभर घरगुती लेप लावून झाल्यावरच येतो. मोठ्या इस्पितळात पाठवायचे म्हटले की खाडी ओलांडावी लागे, आणि खाडीवरच्या पुलाची दुरुस्ती किंवा वाहनांची रांग यांपुढे कुणाचाच इलाज चालत नसे. त्यामुळे जे करायचे ते पुष्कळदा इथेच करावे लागले.

पहिला मोठा धडा महामार्गाने दिला. दुचाकी घसरून पडलेल्या एका तरुणाच्या पायावरून ट्रकचे चाक गेले होते. हाड शाबूत होते, परंतु गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची कातडी, मोजा खाली ओढावा तशी, चरबीसकट सुटून लोंबत होती. रात्री दोनच्या सुमारास मी ती धुतली, जागच्या जागी बसवली, आणि मोठ्या निगुतीने चहूकडून टाके घातले. पाय इतका पूर्ववत दिसू लागला की बाहेर बसलेल्या त्याच्या वडिलांना मी आत बोलावून दाखवला. त्यांनी हात जोडले. पाचव्या दिवशी त्या कातडीचा दोन-तृतीयांश भाग काळा पडला होता. चाकाने तिला खालून रक्त आणणाऱ्या सगळ्या वाहिन्या पिळवटून तोडल्या होत्या. वरून ती जिवंत दिसत होती एवढेच. पुस्तकात हे लिहिलेले होते आणि परीक्षेत मी ते लिहिलेही होते, की अशी कातडी पुरती सोडवून, तिच्या पाठची चरबी कात्रीने खरवडून, तिचा पातळ पापुद्रा करून मगच ती परत लावावी, म्हणजे ती लावलेल्या कातडीसारखी खालच्या मांसावर जगते; परंतु डोळ्यांसमोर तुकतुकीत दिसणारी वस्तू मृत आहे असे मानून तिच्यावर कात्री चालवण्याचे धैर्य त्या रात्री मला झाले नाही. त्या मुलाला त्यानंतर दोन वेळा टेबलावर घ्यावे लागले आणि त्याच्या चांगल्या मांडीवर कायमचा पट्टा उमटला, तो माझ्या त्या रात्रीच्या भिडस्तपणामुळे. वडिलांना मी ते सांगितले. त्यांनी फक्त, पुढे काय करायचे, एवढेच विचारले.

दुसरी चूक घाईची. नडगीवर हातभर जखम असलेल्या एका गृहस्थांच्या घरी लग्न होते, आणि तिथीच्या आत कातडी लावून मोकळे करा, अशी नातलगांची सारखी विनंती चालू होती. जखम लाल दिसत होती. तिचा नमुना तपासायला पाठवलेला होता, त्याचा निकाल यायचा होता. मी थांबलो नाही. तिसऱ्याच दिवशी पट्टीला वास आला म्हणून उघडली, तो पापुद्रा दिसेचना. ओल्या कागदासारखा तो विरघळून गेला होता, आणि त्याच संध्याकाळी निकाल आला: स्ट्रेप्टोकॉकस. हा जंतू जखमेत असेल तर कातडी लावायचीच नाही, हा आमच्या शास्त्रातला निरपवाद हुकूम आहे. हिरवट-निळा पू करणाऱ्या सुडोमोनससारख्या इतर जंतूंशी काही तडजोड होऊ शकते, याच्याशी नाही. त्या गृहस्थांनी लग्न खाटेवरून पाहिले, म्हणजे पाहिले नाहीच. मुलगी आणि जावई सासरी जाण्यापूर्वी वॉर्डात पाया पडायला आले, आणि अंगावरच्या हळदीनिशी खाटेशी वाकलेल्या त्या मुलीला आशीर्वाद देताना ते रडले, तेव्हा मी खोलीत होतो.

त्यानंतर मी जखमेची तयारी या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. मेलेले मांस एकदा कापून भागत नाही. तीनदा, चारदा कापावे लागते, आणि प्रत्येक वेळी नातलगांना पुन्हा समजावून द्यावे लागते. रक्त कमी असेल तर ते भरून काढायचे, साखर ताब्यात आणायची, बिडी सुटेपर्यंत आणि मिश्रीचा डबा घरी परत जाईपर्यंत तारीख द्यायची नाही. अन्नाची तजवीज तर औषधाच्या बरोबरीची. प्रथिनांची पावडर लिहून देणे सोपे होते, परंतु रोजंदारीच्या घरात तिचा डबा पंधरा दिवसांत संपतो आणि दुसरा येत नाही. सुकट, अंडी, शेंगदाणे-गूळ आणि डाळ यांची नावे घेतली तर ती त्याच संध्याकाळी डब्यातून येऊ लागतात. पुढे १९९७ मध्ये अर्जेंटा आणि मॉरिकवास या अमेरिकन संशोधकांनी जखमेवर स्पंज ठेवून, वर हवाबंद पारदर्शक पडदा चिकटवून, पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतक्या दाबाने सतत शोषण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिची तयार यंत्रे आमच्या रुग्णांच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून आम्ही साधा निर्जंतुक केलेला फोम आणि वॉर्डातले सक्शन मशीन यांवर तेच काम भागवले. रात्री वीज गेली की ड्यूटीवरची परिचारिका धावत जाई आणि स्पंज काढून ओली जाळी भरी. ज्या जखमा पूर्वी दीड महिना घेत, त्यांच्यापैकी पुष्कळ तीन आठवड्यांत लाल दाणेदार मांसाने भरून वर आल्या.

रुग्णाला हे थांबणे कसे समजावून सांगावे, याची भाषा मला एका वारली बाईने दिली. श्रावणात तिच्या पावलाच्या पाठीवर नाग चावला होता. प्रतिसर्पविषामुळे जीव वाचला. परंतु नागाचे विष दंशाच्या जागेचे मांस मारते आणि ते मरण लस पुष्कळदा थांबवू शकत नाही, त्यामुळे आठवड्याभरात तिच्या पावलाची सगळी पाठ काळी होऊन गळून गेली आणि खाली बोटांच्या कंडरा दिसू लागल्या. कंडरेवरचे पातळ आवरण टिकले असेल तर त्यावर कातडी धरते. ते वाळून गेले तर धरत नाही. म्हणून दिवसरात्र ते ओले राखण्याचा खटाटोप चालू होता. एके दिवशी मी तिला मांडीची कातडी, पातळ पापुद्रा, रक्तवाहिन्या असे काही सांगू लागलो, तेव्हा तिने मध्येच थांबवून विचारले, “म्हंजे आवणीच ना, दाक्तर?” आमच्या भागात राब भाजून त्यात भाताचे रोप वाढवतात, मग चिखलणी केलेल्या खाचरात त्याची आवणी करतात. मी हो म्हटले, आणि मग तीच बोलू लागली: चिखल नीट झाला नसेल तर रोप धरत नाही, आवणी झाल्यावर रोप चार-पाच दिवस पिवळे पडते, तेव्हा घाबरायचे नसते, पाणी वाहते राहिले तर मुठीच्या मुठी उखडून जातात, पण पाणी तुंबले तरी कुजतात. रक्ताची गाठ, पाझर, स्थिरता, यांतले काहीही सांगायचे उरले नव्हते. तिने पाच दिवस पाऊल असे स्थिर ठेवले की स्लॅबची गरज नव्हती म्हटले तरी चालेल. त्यानंतर पूर्वेकडच्या प्रत्येक रुग्णाशी मी आवणीच्या शब्दांत बोललो. शहरातल्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी मात्र मला तितके चांगले शब्द अजून सापडलेले नाहीत.

जिथे उघडे हाड असते, तिथे आवणीचा उपाय चालत नाही. खडकावर रोप लागत नाही. नडगीचे हाड पुढच्या बाजूने सगळे कातडीच्या लगेच खाली असते, आणि त्याच्यावरचे आवरण निघून गेले की पातळ पापुद्रा तिथे वाळून जातो. अशा जागी स्वतःचे रक्त बरोबर घेऊन येणारे मांस किंवा कातडी, म्हणजे फ्लॅप, वळवून आणावा लागतो: नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागाला पोटरीचा वरचा स्नायू पुरतो, मधल्या भागाला त्याच्या खालचा, आणि घोट्याजवळच्या भागाला, जिथे स्नायू संपून कंडरा झालेल्या असतात, पोटरीच्या पाठीची कातडी देठावर उलटी फिरवून आणतात. ही शेवटची युक्ती इकडे रुळण्यापूर्वी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याची सोय नसलेल्या ठिकाणी, आमच्या हाती एकच जुना मार्ग होता: चांगल्या पायाच्या पोटरीची कातडी अर्धवट सोडवून ती जखमी पायाला शिवायची आणि दोन्ही पाय एकमेकांना तीन आठवडे बांधून ठेवायचे. एकोणीस वर्षांच्या एका मुलाला मी असे बांधले होते. त्याचे अंथरूण खिडकीशी होते आणि रेल्वे जवळ होती. दुसऱ्या आठवड्यात तो आवाजावरून गाडी जलद की धीमी, भरलेली की रिकामी, हे सांगू लागला. त्याची आई खाटेखाली झोपे. देठ कापून पाय वेगळे केले त्या दिवशी दोन्ही गुडघे इतके आखडले होते की तो उभा राहू शकला नाही, आणि आपले काहीतरी बिघडले असे समजून त्याने आईकडे पाहिले. ते आखडलेपण जाईल हे आदल्या दिवशी सांगायला हवे होते, हे मला त्या नजरेने शिकवले.

देठावर कातडी वळवण्याची ही विद्या आपल्याच भूमीतून जगाकडे गेली, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही. इंग्रज फौजेचा गाडीवान असलेल्या कावसजीला १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याकडे विटा करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाची कातडी देठावर खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते समक्ष पाहिले, लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकिकत सचित्र छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू या शल्यविशारदाने वीस वर्षांनी विलायतेत तशी शस्त्रक्रिया केली. ही कथा आम्ही सगळे विद्यार्थ्यांना सांगतो. मी हातापायांचे काम करणारा असल्यामुळे असेल, माझे मन मात्र नेहमी कावसजीच्या हाताशी अडते. नाक परत आले. हात परत येण्याचा मार्ग कुणाजवळच नव्हता, आणि बैलांचा कासरा धरणारा तो मनुष्य होता. प्रेसमध्ये पंज्याची कातडी गेलेला कामगार येतो, त्याचा हात जांघेच्या कातडीला शिवून तीन आठवडे तसा ठेवतो, तेव्हा अंगठा आणि एक बोट यांची चिमट तरी शाबूत राहावी म्हणून मी जे काही करतो, त्याच्यामागे तो कासरा असतो.

तळव्याच्या जखमांनी मला सर्वांत अधिक नम्र केले. नवरात्रात जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढण्याचा नेम असलेल्या एका बाईंच्या टाचेला फोड आला. बारा वर्षांचा मधुमेह होता, पायाला कळत काही नव्हते, आणि फोड फुटून खाली खड्डा पडला आहे हे चादरीवरच्या डागावरून सुनेच्या लक्षात आले. मी जखम तयार केली, कातडी लावली, ती शंभर टक्के धरली, पाचव्या दिवशी सगळ्यांनी आनंद केला, आणि सात महिन्यांनी त्या त्याच जागी त्याहून मोठा खड्डा घेऊन परत आल्या. कातडी माझी चांगली होती. परंतु ज्या पावलाला खडा कळत नाही त्या पावलाला ती काय करणार? याचे उत्तर कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांनी फार आधी शोधून ठेवलेले होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की हे पाय कुष्ठाने आपोआप सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे दाबाने झिजतात. आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी, ज्यांना इतर कुणी हात लावायला तयार नव्हते त्या रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जरी राबवली. मऊ रबराच्या चपलेचा एक जोड जे करतो ते माझी सुरी करू शकत नाही, हे त्या बाईंच्या दुसऱ्या जखमेने मला पटवले. तेव्हापासून तळव्याच्या रुग्णाला चपला पायात आल्याशिवाय घरी जाण्याचा दाखला मी दिला नाही. नेमाचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. मला उत्तर सुचेना. त्यांच्या सुनेने, पुढल्या वर्षीपासून आपण अनवाणी जाऊ आणि सासूबाईंनी घरी घट बसवावा, असे ठरवले आणि तसे केले.

एक पाय वाचवल्याचा मला पश्चात्ताप आहे. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या एका माणसाचा पाय घोट्याच्या वर चुरडला होता. तळव्याला संवेदना देणारी नस तुटून तिचा मोठा भाग नाहीसा झालेला मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. तरीही मी अकरा महिन्यांत नऊ वेळा त्याला टेबलावर घेतले, आणि हाड, फ्लॅप, कातडी सर्व लागले. पाय राहिला. तो ताठ, बधिर आणि थंडीत ठणकणारा होता. एवढ्या अवधीत मुकादमाने त्याची जागा दुसऱ्याला दिली, गावाकडचा जमिनीचा तुकडा गहाण पडला, मोठ्या मुलाची शाळा सुटली. वर्षानंतर तो स्वतः येऊन म्हणाला, “साहेब, हा आता काढून टाका.” गुडघ्याखाली पाय काढला, जखम भरल्यावर त्याला जयपूर फूट बसवला, आणि थोड्याच महिन्यांत तो स्टेशनच्या जिन्यावरून चालत जाताना मला दिसला. पहिल्या आठवड्यात मी त्याला खरी कैफियत सांगून निवड त्याच्यावर सोपवली असती, तर त्याचे वर्ष वाचले असते. पाय वाचवणे हे त्याचे हित होते की माझा हट्ट, हा प्रश्न मी त्या काळी स्वतःला विचारला नाही. आता प्रत्येक चुरडलेल्या पायाच्या वेळी विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत नातलगांशी बोलत नाही.

फार मोठी जखम असते, आणि रुग्ण इतका क्षीण असतो की त्याच्याच मांडीवर दुसरी जखम करणे त्याला सोसणार नसते, तेव्हा दुसऱ्याच्या शरीराची उसनवारी करावी लागते. परळच्या टाटा रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली, डॉ. ॲस्ट्रिड लोबो गजीवाला यांनी ती वाढवली. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचा आतला झिरझिरीत पापुद्रा, मातेची संमती आणि रक्ताच्या तपासण्या झाल्यावर, तिथे वाळवून पाकिटबंद करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. हातात घेतला तर पतंगाच्या कागदासारखा लागतो. जखमेवर ठेवला की ओला होऊन चिकटतो, वेदना पुष्कळ कमी करतो आणि खालच्या मांसाला सावली देतो. आयाबाईंना मी हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा त्यांनी ते पाकीट दोन्ही हातांत धरून ठेवले. वार पुरण्याची जागा घरच्या माणसालाही न सांगणाऱ्या पिढीतल्या त्या होत्या. एखाद्या अनोळखी बाळाच्या वारेने परक्या म्हाताऱ्याचा पाय बरा व्हावा, हे त्यांना विलक्षण वाटले आणि मलाही वाटते.

त्वचादान त्याहून कठीण, कारण ते शोकाच्या घरी मागायचे असते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ आणि मांड्या यांवरचा पातळ थर घेता येतो, रक्तगट जुळवावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवलेली ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. दोन-तीन आठवड्यांनी रुग्णाचे शरीर ती नाकारते, परंतु तेवढ्या मुदतीत तो सावरतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नंतर ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये अशा पेढ्या झाल्या. वसईत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरून रात्री अकराला फोन आला तेव्हा पथक खाडीपलीकडून यायचे होते, आणि मी तिथे केवळ ओळखीचा म्हणून जाऊन बसलो. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, पट्ट्या बांधून नऊवारी नेसवली की काही केल्याचे कळतही नाही. हे सगळे मी सांगत होतो, आणि थोरल्या मुलीने एकच गोष्ट विचारली, ती जाईल कुणाला हे आम्हाला कळेल का. कळत नाही, असे मी सांगितले. थोडा वेळ गेला. मग तिने कपाटातून आईच्या नेहमीच्या पातळांपैकी एक काढून माझ्याकडे दिले आणि म्हटले, “त्यांचं काम झालं की हेच नेसवा.”

आयाबाई निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी एक दिवस माझ्याच बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या दिसल्या. आयुष्यभर उभे राहून शिरा फुगलेल्या होत्या आणि डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा व्रण दीड वर्ष वाहत होता. इतके दिवस का आला नाहीत, या माझ्या प्रश्नावर त्यांनी उत्तर दिले नाही. शिरांचा उपचार, दाबपट्टी, पाय उंच ठेवणे, सुकट आणि अंडी, सगळे यथाक्रम झाले. व्रण लाल झाला, नमुन्याचा निकाल स्वच्छ आला, आणि मी कातडी लावली. चार दिवस त्या उताण्या पडून राहिल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा फरशी पुसलेली होती, आणि नव्या आयाला ते कुणी सांगितले हे विचारण्याची गरज नव्हती. मी जाळी भिजवू लागलो. त्यांनी उशी दुमडून डोके उंच केले, आणि त्यांच्या हातात पदराचे टोक होते. पापुद्रा गुलाबी होता, सगळीकडे चिकटलेला. फक्त टाचेच्या बाजूला आठ आण्यांएवढी जागा करडी राहिली होती. मी काही बोलण्यापूर्वी त्यांनी ती पाहिली.

“तेवढी कडेने भरेल,” त्या म्हणाल्या, आणि नव्या आयाला सलाइनची बाटली जवळ सरकवायला सांगितली.